सिम्बॉलिक फील्डमध्ये कोणती फंक्शन्स घ्यायची, कोणती दाराबाहेर ठेवायची

स्वतःची छोटीशी कॉम्प्युटर अल्जेब्रा सिस्टिम (आकड्यांऐवजी चिन्हांवरच गणित करणारा प्रोग्राम) लिहायला घेतली की साइन, कॉस, गॅमा (फॅक्टोरियलचा विस्तार), मॉड (म्हणजे निरपेक्ष मूल्य), दिसेल ते आत कोंबावंसं वाटतं. जरा थांबा. ह्या सगळ्या राशींचं मिळून फील्ड बनवायचं म्हटलं की बेरीज, वजाबाकी, गुणाकार तर हवेतच, पण शून्य सोडून कशानेही भागताही आलं पाहिजे, म्हणजे समोरची राशी शून्य आहे की नाही हे मशीनला ओळखता यायला हवं, आणि सगळी गोम तिथेच आहे.

सुरुवात एक्सच्या रॅशनल फंक्शन्सपासून, म्हणजे एका बहुपदीला दुसरीने भागून मिळणाऱ्यांपासून, करा. तिथे अंशाचे कंस सोडवून बघितलं की शून्य आहे की नाही ते कळतं.

मग एक्स्पोनेन्शियल आणि लॉग, पण एका वेळी एकच, आणि दरवेळी बघा की हे नवीन पाहुणं आधीच्यांपासून खरंच स्वतंत्र आहे का. लॉग एक्स आत असताना लॉग २एक्स वेगळं चिन्ह म्हणून घेतलंत तर फसलात, कारण दोघांची वजाबाकी म्हणजे साधा लॉग २, तिचा डेरिव्हेटिव्ह शून्य येतो पण सिस्टिम बिचारी तिला स्थिरांक मानायलाच तयार नसते (ह्यात माझ्या दोन रात्री गेल्यात). गणितज्ञ रिशने १९६९ मध्ये इंटिग्रेशनची जी पद्धत मांडली ती ह्याच शिस्तीवर उभी आहे.

साइन आणि कॉस दोन सुटी चिन्हं म्हणून घेऊ नका, नाहीतर कोणीतरी साइन वर्ग अधिक कॉस वर्ग वजा १ ने भागेल आणि सिस्टिम खुशाल उत्तर देईल. त्यापेक्षा टॅन एक्स बाय २ हे एकच घ्या, दोघं त्यातून निघतात. फक्त आतले सगळे कोन ज्याच्या पूर्ण पटीत येतात असा मूळ कोन कोणता ते आधी बघून ठेवा.

मॉडला तर सरळ नाहीच म्हणा. एक्स अधिक मॉड एक्स आणि एक्स वजा मॉड एक्स, दोन्ही शून्य नाहीत पण गुणाकार शून्य, मग कसलं फील्ड? शिवाय गणितज्ञ रिचर्डसनने १९६८ मध्ये दाखवलंय की पाय, लॉग २, एक्स्पोनेन्शियल, साइन आणि मॉड एकत्र आले की शून्य ओळखायची सगळीकडे चालेल अशी पद्धतच असू शकत नाही.

राहिला डेरिव्हेटिव्ह, तो फील्डच्या बाहेर जाता कामा नये. एरर फंक्शनचं ठीक आहे, त्याचा डेरिव्हेटिव्ह ई चा उणे एक्स वर्ग घात गुणिले एक स्थिरांक, तेवढे दोघं आत असले की झालं. गॅमाचा डेरिव्हेटिव्ह मात्र डायगॅमा (लॉग गॅमाचा डेरिव्हेटिव्ह) ह्या नव्या फंक्शनला आणतो, त्याचा डेरिव्हेटिव्ह पुढच्याला, आणि ही वरात कधी संपतच नाही, गणितज्ञ होल्डरने १८८७ मध्येच सिद्ध केलंय की गॅमा कुठलंही अल्जेब्राइक डिफरन्शियल इक्वेशन पाळत नाही. अशांना वेगळ्या रिंगमध्ये (जिथे बेरीज, वजाबाकी, गुणाकार चालतात पण भागाकाराची हमी नसते) ठेवा आणि तिथे भागाकार जपून करा. सेज ह्या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये ह्या सरमिसळीच्या डब्याचं नावच सिम्बॉलिक रिंग आहे!