जुन्या गाडीचं ऑइल: एवढं तरी बघत जा

भाऊ, गाडी दोन लाख किलोमीटरच्या वर गेली की नुसतं वेळेवर ऑइल बदलून भागत नाही. आमच्या वणीकडे कोळशाची धूळ, त्यात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात. आठवड्यातून एकदा डिपस्टिक, म्हणजे इंजिनातलं ऑइल मोजायची पट्टी, काढाच. गाडी सपाट जागी लावा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, पट्टी पुसून परत घाला, मग बघा. ऑइल दोन खुणांच्या मधात हवं. जास्त भरलं तर फेस होतो, सील गळायला लागतात.

आता थेंब बोटांत चोळा. डिझेल गाडीचं ऑइल लवकर काळं पडतं, त्याची चिंता नको. कचकच लागली तर एअर फिल्टर तपासा. दुधाच्या चहासारखा रंग दिसला तर गाडी चालूच करू नका, आत पाणी शिरलंय.

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. कंपनीच्या पुस्तकात दोन ग्रेड दिले असतील तर जाड घ्या, पुस्तकाबाहेरचा मुळीच नको. ऑइल फिल्टर अन् ड्रेन बोल्टचा वायसर दरवेळी नवा टाका. काढलेलं ऑइल धुऱ्यावर, नाल्यात ओतू नका हो, विहिरीचं पाणी नासतं.