जीपचा एक्सल बदलताय? आधी दाते मोजा, या चुका टाळा

स्पेअर पार्टच्या दुकानात जाऊन ‘जुन्या महिंद्रा जीपचा मागचा एक्सल शाफ्ट द्या’ म्हटलं की जाणता दुकानदार पहिल्यांदा एकच शब्द विचारतो: ‘कुठला?’ आपण मॉडेलचं नाव सांगतो. तो पुन्हा विचारतो, ‘ते कळलं हो, पण कुठला?’ या दुसऱ्या ‘कुठला’चं उत्तर घरून घेऊन न जाणं, हीच सगळ्यात महागात पडणारी चूक. बाकीच्या बहुतेक चुका तिच्याच पोटातून निघतात.

कारण साधं आहे. १९४०च्या दशकाच्या शेवटी मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू झाली आणि पुढे कित्येक दशकं त्याच आराखड्याच्या गाड्या बनत राहिल्या. पेट्रोल इंजिनं आली, मग प्यूजोच्या आराखड्याचं २११२ सीसीचं डिझेल आलं, मग २५२३ सीसीचं डीआय (सिलिंडरमध्ये थेट डिझेल फवारणारं) आलं. गिअरबॉक्स बदलले, एक्सलच्या आतले भाग बदलले, बाहेरून मात्र जीप जीपच राहिली. त्यात प्रत्येक गाडी तीन-चार मालकांच्या आणि दहा मिस्त्रींच्या हातून गेलेली. तुमच्या गाडीखाली आज कुठला एक्सल आहे ते आरसी बुकात लिहिलेलं नसतं. ते खाली झोपून बघावं लागतं.

नावावर विसंबून पार्ट घेऊ नका

माझा पहिला धडा मागच्या शाफ्टचा. भंगारबाजारातून जोडी आणली. लांबी जुन्या शाफ्टशी जुळत होती, टोकाचा निमुळता भाग जुळत होता, चावीची (चाकाच्या हबला शाफ्टवर पकडून ठेवणाऱ्या लोखंडी तुकड्याची) खाचही जुळत होती. कोल्हापूरच्या उद्यमनगरात मिस्त्रींकडे नेली. त्यांनी जुना आणि नवा शाफ्ट शेजारी ठेवले, आतल्या टोकाचं ग्रीस चिंधीनं पुसलं, एका दात्यावर खडूची रेघ मारली आणि नखानं एकेक दाता पुढे सरकत मोजायला लागले. जुन्याला दहा दाते निघाले, नव्याला एकोणीस. ‘जुना शाफ्ट घेऊन गेला नव्हता का?’ एवढंच ते म्हणाले.

डाना ४४ (डाना कंपनीचा एक्सलचा एक नमुना) घराण्याच्या मागच्या एक्सलमध्ये दहा, एकोणीस आणि तीस दात्यांचे शाफ्ट आढळतात. हे दाते म्हणजे शाफ्टच्या आतल्या टोकाच्या स्प्लाइन. त्या डिफरन्शियलच्या, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणाऱ्या मधल्या गिअरसंचाच्या, साइड गिअरमध्ये बसतात. दाते वेगळे असले की शाफ्ट आत जाणारच नाही. साइड गिअर बदलून मार्ग निघू शकतो, पण मग डिफरन्शियल उघडणं आलं आणि शाफ्टमध्ये वाचलेले पैसे तिथे गेले.

म्हणून बाजारात जाण्याआधी वहीत एवढं लिहून घ्या: आतल्या दात्यांची संख्या, दात्यांवरचा बाहेरचा व्यास, शाफ्टची पूर्ण लांबी, बेअरिंग बसते त्या जागेचा व्यास, ऑइल सीलचा व्यास. डावा शाफ्ट आणि उजवा शाफ्ट वेगवेगळे मोजा. डिफरन्शियलचं डोकं (एक्सलवरचा गोल फुगवटा) एका बाजूला सरकलेलं असलं तर दोन्ही लांब्या सारख्या नसतात. व्हर्निअर नसेल तर विकत घ्या, तो पहिल्याच खेपेत वसूल होतो. आणि शक्य असेल तेव्हा जुना पार्ट पिशवीत घालून सोबत न्याच.

रेशो ऐकून नव्हे, मोजून ठरवा

रेशो म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे प्रॉपेलर शाफ्टचे, म्हणजे गिअरबॉक्सकडून एक्सलपर्यंत येणाऱ्या लांब दांड्याचे, फेरे. विकणारा म्हणतो, ‘चार-अठ्ठ्याऐंशी आहे.’ असेलही. पण मोजायला पाच मिनिटं लागतात आणि काहीही उघडावं लागत नाही. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा, हँडब्रेक सोडा. मागचं फक्त एक चाक जॅकवर घेऊन खाली स्टँड लावा. दुसरं जमिनीवरच राहू द्या. उचललेल्या चाकावर आणि प्रॉपेलर शाफ्टवर खडूची खूण करा. आता ते चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्ट किती फेरे फिरला ते मोजा. तोच रेशो. एक चाक स्थिर असलं की डिफरन्शियलमुळे मोकळं चाक दुप्पट फिरतं, म्हणून दोन फेरे. पाच फेरे होऊन वर एक तृतीयांशाहून थोडं जास्त गेलं तर ५.३८, पाचाला जरासं कमी पडलं तर ४.८८, चार होऊन पाव फेरा थोडा ओलांडला तर ४.२७.

डिफरन्शियल उघडलेलंच असेल तर क्राउनचे (मोठ्या गिअरचे) दाते भागिले पिनियनचे (त्याला फिरवणाऱ्या छोट्या गिअरचे) दाते. ८-४३ म्हणजे ५.३८, ८-३९ म्हणजे ४.८८, ११-४७ म्हणजे ४.२७, ११-४१ म्हणजे ३.७३. विलीजच्या बऱ्याच जुन्या पेट्रोल जीपना ५.३८ होता. त्या काळच्या वेगाला आणि शेतातल्या ओढीला तो योग्यच होता.

आता हायवेसाठी रेशो खाली आणायचा मोह सगळ्यांनाच होतो आणि तो समजण्यासारखा आहे. ६.००-१६चा टायर एका फेऱ्यात साधारण सव्वादोन मीटर जातो. टॉप गिअर सरळ एकास एक धरला तर ताशी ८० किलोमीटरला ५.३८वर इंजिन साधारण ३१५० फेरे घेतं, ४.८८वर २८५०च्या आसपास, ४.२७वर २५००. आकडे गोड वाटतात. पण ५.३८वरून ४.२७वर आलात की प्रत्येक गिअरमधली ओढ पाचव्या हिश्शानं कमी होते. गगनबावड्याचा घाट भरल्या गाडीनं चढणाऱ्याला जुन्या डिझेलवर हे झेपत नाही. तो दुसऱ्या गिअरमध्येच अडकून पडतो. माझं मत विचाराल तर घाटमाथ्यावर राहणाऱ्यानं जुनं इंजिन ठेवून ४.८८च्या खाली जाऊ नये. आणि टायर बदलायचे असतील तर ते आधी ठरवा, कारण टायर जितके टक्के उंच, तितके टक्के रेशो आपोआप खाली येतो.

डाना ४४ घराण्यातली आणखी एक अडचण आतली आहे. ३.७३ आणि त्याखालचे रेशो एका कॅरिअरवर (क्राउन ज्यावर बसतं त्या भागावर) बसतात, ३.९२ आणि त्यावरचे दुसऱ्या. म्हणजे ४.८८च्या डिफरन्शियलमध्ये ३.७३ घालायला फक्त ११-४१ची जोडी आणून भागत नाही, कॅरिअरही लागतो.

पुढचं विसरून मागचं बदलणं

ही चूक मी स्वतः केली आहे. मागचा एक्सल ४.८८चा मिळाला, तो बसवला आणि पुढचा ५.३८ तसाच ठेवला. टू-व्हीलमध्ये गाडी मस्त चालत होती. पावसाळ्यात एका चिखलाच्या वळणावर फोर-व्हील टाकलं, तिथून निघालो आणि डांबरावर आल्यावर फोर-व्हीलचा लीव्हर काढायला विसरलो. स्टिअरिंग जड झालं, गाडी ब्रेक लागल्यासारखी ओढायला लागली. लीव्हर मागे घ्यायला गेलो तर तो हलेना. तशीच पुढे रेटली आणि पुढच्या प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस (सांध्यातला अधिकच्या चिन्हासारखा तुकडा) तुटला.

हिशोब बघा. फोर-व्हीलमध्ये पुढचा-मागचा प्रॉपेलर शाफ्ट एकाच वेगानं फिरतो. ४३ भागिले ३९ केलं की कळतं, मागची चाकं पुढच्यांपेक्षा दहा टक्के जास्त अंतर जायला बघतात. शंभर मीटरला दहा मीटरची ओढाताण. चिखलात चाक घसरून ती सुटते, डांबरावर सुटायला जागाच नसते आणि सगळा पीळ गिअर-शाफ्टमध्ये साठत जातो. फोर-व्हील जीपला पुढचा-मागचा रेशो एकच हवा. टायरसुद्धा चारही एकाच मापाचे आणि जवळपास सारखे झिजलेले.

कधी असा लीव्हर अडकलाच तर ताकद लावू नका. सरळ रेषेत थोडं मागे घ्या. तरी सुटला नाही तर सपाट जागी पुढचं एक चाक जॅकवर उचला. पीळ सुटतो आणि लीव्हर हातानं येतो. चाक झटक्यानं फिरू शकतं, हात लांब ठेवा.

डिफरन्शियलचं डोकं कुठल्या बाजूला आहे?

विलीजच्या मूळ आराखड्यात स्पायसर १८ ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या आणि मागच्या एक्सलला वाटणारी पेटी) आहे. तिच्यातून पुढचा आणि मागचा असे दोन्ही शाफ्ट उजवीकडे सरकून निघतात, म्हणून दोन्ही एक्सलची डोकीही उजवीकडे. दुसऱ्या गाडीचा एक्सल आणलात आणि त्याचं डोकं मधोमध असेल तर प्रॉपेलर शाफ्ट वरून खाली तर तिरका जाईलच, शिवाय आडवाही तिरका जाईल. दोन्ही कोन मिळून क्रॉसवर येतात. वेग वाढला की थरथर आणि काही महिन्यांत क्रॉस खलास. ट्रान्सफर केस बदलत असाल तर आधी तिची तोंडं बघा, मग त्या बाजूचा एक्सल शोधा.

कुणी सुचवेल की हौजिंग (एक्सलचं बाहेरचं कवच) उलटं करून बसवा, डोकं दुसऱ्या बाजूला जाईल. डोकं जाईल, पण क्राउनही पिनियनच्या दुसऱ्या बाजूला जाईल आणि चाकं उलटी फिरतील. शिवाय तेलाची पातळीही चुकेल.

एक फसवी खूण चाकाच्या नटांची. जीपला पाच नट, १३९.७ मिलिमीटरच्या वर्तुळावर. मारुती जिप्सीलाही तेच. त्यामुळे चाक बसतं आणि माणसाला वाटतं की एक्सलही बसेल. चाकाच्या नटांवरून फक्त चाकाचं कळतं. एक्सलसाठी वेगळी मापं घ्यावी लागतात: ड्रमच्या तोंडापासून तोंडापर्यंतची रुंदी, दोन्ही पाट्यांच्या (पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या) बैठकींमधलं अंतर, पाट्याची रुंदी, यू-बोल्टचा व्यास, ब्रेक पाइपच्या नटाचे आटे. पाट्याची बैठक कापून नवी वेल्ड करायची असेल तर पिनियनचा कोन ठरेपर्यंत फक्त टाके मारा, पूर्ण वेल्ड नंतर.

प्रॉपेलर शाफ्ट

याचं माप गाडी चारही चाकांवर, नेहमीच्या वजनानिशी उभी असताना घ्यायचं. जॅकवर घेतलं तर पाटे लोंबतात आणि माप खोटं येतं. स्लिप जॉइंट (शाफ्टचा आत-बाहेर सरकणारा सांधा) मधोमध असावा, पाटा दबला तरी आत जायला जागा आणि लोंबला तरी बाहेर न निघण्याइतकी पकड. दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे काटे) एका रेषेत हवेत. लेथवर शाफ्ट कापून जोडताना हे चुकलं तर कितीही बॅलन्सिंग करा, थरथर जात नाही. क्रॉसही नावावर न घेता मापावर घ्या. स्पायसर १३१० मालिकेच्या क्रॉसची टोपी २७ मिलिमीटर व्यासाची आणि टोपीपासून टोपीपर्यंत लांबी सुमारे ८२ मिलिमीटर.

जुनी क्राउन-पिनियन घेताना

क्राउन आणि पिनियन कारखान्यात जोडीनं घासून जुळवलेली असतात आणि दोघांवर सहसा जुळणीचा एकच नंबर कोरलेला असतो. तो वाचा. एकीचं पिनियन आणि दुसरीचं क्राउन घेतलं तर दाते मोजून बरोबर आले तरी आवाज जाणार नाही. दात्याच्या कडेला तुटका कोपरा, निळसर जळालेला रंग किंवा खड्डे दिसले तर स्वस्त असली तरी सोडून द्या. बसवताना दात्यांना रंग लावून ठसा बघणारा मिस्त्रीच निवडा. बॅकलॅश (दात्यांमधली मोकळीक) साधारण ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर, डायल गेजवर. हातानं हलवून ‘ठीक आहे’ म्हणणाऱ्याकडे हे काम देऊ नका.

आरटीओ

मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा फेरफार करायला बंदी आहे आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठामपणे सांगितलं. झिजलेल्या एक्सलच्या जागी त्याच गाडीचा एक्सल ही दुरुस्ती झाली. इंजिन बदलणं किंवा दुसऱ्याच गाडीचे एक्सल घालणं यासाठी आधी आरटीओत विचारा, पैसे त्यानंतर खर्च करा. अपघात झाल्यावर विमा कंपनी हाच मुद्दा काढते.

बसवल्यावर काय ऐकायचं

गाडी सुटताना एकच ‘खट्’ असा आवाज आला तर आधी क्रॉस बघा, मग निमुळत्या शाफ्टवरचा हब. त्या हबचा नट ढिला राहिला तर चावी कापली जाते. म्हणून शाफ्टचा निमुळता भाग आणि हब दोन्ही कोरडे, स्वच्छ पुसून नट किमान २०० न्यूटन-मीटरला आवळा आणि कॉटर पिन घाला. ठरावीक वेगाला थरथर येत असेल तर त्याच वेगात क्लच दाबून गाडी न्यूट्रलमध्ये सोडा. तरी थरथर राहिली तर इंजिन निर्दोष, दोष प्रॉपेलर शाफ्टचा किंवा चाकाचा. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय असताना एक सूर आणि पाय काढल्यावर दुसरा सूर येत असेल तर पिनियनची जुळणी किंवा त्याची बेअरिंग. वळणावर कुरकुर आली आणि सरळ रस्त्यावर गेली तर साइड गिअर किंवा चाकाची बेअरिंग.

पहिली वीस-पंचवीस किलोमीटर झाली की थांबा. डिफरन्शियलच्या डोक्याला आणि चारही हबना हात लावून बघा. कोमट चालेल, पण हात ठेववत नसेल तर बेअरिंग जास्त आवळली गेली आहे किंवा तेल कमी आहे. पाचशे किलोमीटरला यू-बोल्ट आणि हबचे नट पुन्हा आवळा. नवी क्राउन-पिनियन असेल तर तेव्हाच तेलही बदला. निघालेलं तेल पांढऱ्या थाळीत ओता. बारीक राखाडी भुकटी दिसली तर काळजी नाही. नखात पकडता येईल असा तुकडा सापडला तर त्याच दिवशी हौजिंग उघडा.