बॅकअपच्या टेपा: एक संच पुराच्या रेषेच्या वर

ऑफिसच्या संगणकांचा बॅकअप, म्हणजे माहितीची जादा प्रत, रोज चुंबकीय टेपवर होतो, पण सगळ्या टेपा सर्व्हरशेजारच्याच कपाटात असतात. २०१९ आणि २०२१ साली कोल्हापुरात पंचगंगेचं पाणी शाहूपुरी-लक्ष्मीपुरीत शिरलेलं पाहिल्यावर तळमजल्यावरच्या कपाटावर विसंबणं बरं नव्हे.

१. सोमवार ते गुरुवार चार टेपा. दर आठवड्याला त्याच पुन्हा वापरा. शुक्रवारसाठी वेगळ्या चार, आळीपाळीने. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी मात्र नवी टेप, आणि तिची लिखाण रोखणारी खिट्टी लगेच सरकवा. रोजच्यांना पिवळं लेबल, शुक्रवारच्यांना हिरवं, महिन्याच्यांना लाल. रंग पाहून शिपाईसुद्धा चुकत नाही.

२. शुक्रवारची टेप शनिवारी उंचावरच्या भागात, मालकांच्या घरी जाऊ दे. जुनी त्याच फेरीत परत आणा. वहीत तारीख आणि सही हवीच.

३. टेप तिच्या प्लास्टिक डबीत, उभी ठेवा. गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात नको. उद्यमनगरात मशीनशॉपला लागून ऑफिस असेल तर डबी उघडी टाकूच नका. लोखंडाची धूळ ड्राइव्हचं (टेप वाचणाऱ्या यंत्राचं) हेड खाते.

४. पावसाळ्यात बाहेरून आणलेली टेप लगेच ड्राइव्हमध्ये घालू नका. एक दिवस सर्व्हरच्या खोलीत राहू द्या.

५. महिन्यातून एकदा एखादी फाइल परत काढून उघडून बघा. हे कुणीच करत नाही!

जपून: कागदपत्रांची अग्निरोधक तिजोरी टेपांना चालत नाही. आगीत तिच्या आत १७७ अंश सेल्सिअसपर्यंत तापमान गेलं तरी कागद टिकतो. टेपांसाठीच्या तिजोरीत ते सुमारे ६५ अंशांच्या आत राहावं लागतं.