सहा जणांचा गट, एकाची खेप: टेटेतला औषधगट कसा उभा करायचा

माझ्याबरोबर शिकलेल्या मैत्रिणीची मुलगी सप्टेंबरात मोझांबिकला निघालीय. टेटे प्रांतात, एचआयव्हीच्याच कामाला. परवा तिचा फोन आला, "मावशी, तिथले औषधगट सुरू कसे करायचे गं?" अर्धा तास बोलूनही नीट सांगून झालं नाही. म्हणून तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या वाटेवर असलेल्या सगळ्यांसाठी हे लिहून ठेवतेय. मी मिरजेची, परिचारिका. टेटेच्या खेड्यांमध्ये तीन वर्षं काम केलं.

आधी हे समजून घे की तिथे एचआयव्हीच्या गोळ्या फुकट आहेत, महाग आहे ते त्या आणायला जाणं. आरोग्य केंद्र वीस-तीस किलोमीटरवर. चापा म्हणजे तिथली वडाप, तीत जागा मिळाली तर भाड्याचे मेटिकल मोजायचे, नाही तर तांबडं फुटायच्या आत पायी निघायचं. रांग मोठी असली तर रात्र केंद्राच्या ओसरीवर. आमच्या वेळी हे दर महिन्याला, जन्मभर. अंगात ताकद आली की माणूस शेतात राबायला लागतो, आणि मक्याच्या काढणीत एक खेप चुकते. मग दुसरी. ही माणसं बेफिकीर नसतात गं. त्यांना पोट असतं.

२००८ साली प्रांताचा आरोग्य विभाग आणि 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' ही आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संस्था यांनी तिथल्या रुग्णांबरोबर यावर तोडगा काढला. जास्तीत जास्त सहा जणांचा गट करायचा आणि दर महिन्याला एकाने केंद्रात जाऊन सगळ्यांच्या गोळ्या आणायच्या. जो जातो त्याची त्या दिवशी तपासणी होते, म्हणजे सहा महिन्यांत प्रत्येकाचा नंबर लागतो. पोर्तुगीज आद्याक्षरांवरून याला 'गाक' म्हणतात. मे २०१० पर्यंत असे २९१ गट झाले, त्यांत १३८४ माणसं. उपचार दुसऱ्या केंद्राकडे हलवून गेलेले सोडले तर १३०१ उरले, आणि त्यांतले साडेसत्त्याण्णव टक्के उपचारावर टिकून होते. तीस जण दगावले. पत्ताच लागला नाही असे फक्त दोन. एचआयव्हीच्या कामात वर्षं घातलेल्या माणसाला विचार, ही 'दोन' काय चीज आहे ते.

आता करायचं कसं. पहिली गोष्ट, आणि ती मी चूक करून शिकले: रजिस्टर उघडून गट पाडू नकोस. मी पाडला होता. एका वस्तीतली सहा नावं काढली आणि गोरखचिंचेखाली जमायचा निरोप धाडला. (टेटेभर गोरखचिंचा आहेत. तिच्या फळाला तिथे मलांबे म्हणतात, आंबट गर पोरं दिवसभर चघळतात.) पाच जण येऊन बसले. सहावी बाई लांबून येताना दिसली, थबकली आणि आल्या पावली मागे फिरली. बसलेल्यांत तिचा दीर होता. दोघांनाही एकमेकांचं माहीत नव्हतं. पुढे दोन महिने ती केंद्राकडे फिरकली नाही. तिच्या घरी जावं तर आणखी बोभाटा. शेवटी आमच्या समुपदेशक बाईंनी तिला पिठाच्या गिरणीवर गाठलं आणि मक्याचं दळण होईपर्यंत शेजारी बसून राहिल्या. नंतर तिने स्वतःच गट शोधला: बाजारात तिच्याबरोबर सुकी मासळी विकणाऱ्या बायकांचा. तीन वेगवेगळ्या गावांच्या होत्या, आमच्या हिशेबात त्या कधीच एकत्र बसल्या नसत्या.

म्हणून तू एवढंच कर. केंद्रात गोळ्यांसाठी आलेल्या प्रत्येकाला, एकेकट्याला गाठून, गट म्हणजे काय ते सांग आणि सोडून दे. "तुमच्याबरोबर कोण?" हा प्रश्न त्यांच्याकडेच राहू दे. महिना लागेल, दोन लागतील. ज्याला गटात यायचं नाही त्याला आग्रह करू नकोस, त्याच्या गोळ्या पूर्वीसारख्या चालूच. सांगलीत 'संग्राम' या संस्थेच्या कामात वेश्याव्यवसायातल्या बायका एकमेकींना निरोध वाटायच्या, ते मी तरुणपणी पाहिलं होतं. तरी टेटेत जाऊन रजिस्टर उघडलंच मी. तू उघडू नकोस.

गटात येणारा माणूस निदान सहा महिने उपचारावर स्थिरावलेला असावा. नवा रुग्ण, क्षयाची शंका असलेला रुग्ण यांना आधी केंद्रातच सांभाळ.

गट जमला की पहिल्या दोन बैठकांना जा, पण मागे बस. बैठक अशी चालते. ज्याचा नंबर असेल त्याच्या अंगणात सगळे येतात. कापुलाना, म्हणजे बायका कमरेला गुंडाळतात ते छापील कापड, जमिनीवर अंथरतात. एकेकजण आपली डबी त्यावर उपडी करतो. आमच्या वेळी रात्रीची एकच गोळी, डबीत तीस. वाटप होऊन अठ्ठावीस दिवस झाले तर दोन उरायला हव्यात. एकदा एका आजोबांच्या सात उरल्या. कोणी रागावलं नाही. शेजारच्या बाईने त्या सात गोळ्या बोटाने एका ओळीत लावल्या आणि विचारलं, "वोवो, रात्री जेवायला होतं का?" नव्हतं. उपाशीपोटी गोळी घेतली की गरगरतं म्हणून ते घेत नव्हते. पुढचा महिनाभर त्यांच्या घरी शिमाचं, म्हणजे मक्याच्या उकडीचं ताट पाळीपाळीने गेलं. हे मला केंद्रातल्या टेबलावरून पंधरा वर्षांत साधलं नसतं.

मग गटाच्या कार्डावर नोंदी: किती उरल्या, खोकला आहे का, ताप, रात्रीचा घाम, वजन उतरलं का. लिहिता येणारं कुणी नसेल तर खुणा ठरवून द्या. आमच्या एका गटात खोकल्याला टिंब होतं. कार्ड आणि सगळ्यांची ओळखपत्रं घेऊन नंबरवाला केंद्रात जातो. त्याला रांगेत ताटकळत ठेवू नकोस, तो सहा जणांचं काम घेऊन आलाय. फार्मसीत आधीच सांगून ठेव, नाही तर पहिल्याच खेपेला "रुग्ण कुठे आहे?" म्हणून परत पाठवतील. आमच्या एका गटाला पाठवलं होतं, आणि चापाचं भाडं तर सहा जणांनी वर्गणी काढून दिलेलं.

कार्डावर खोकल्याची खूण दिसली तर त्या माणसाने नंबराची वाट बघायची नाही, दुसऱ्याच दिवशी यायचं. हे पहिल्या बैठकीत सांग, दुसऱ्या बैठकीत पुन्हा सांग. क्षय इथेच पकडला जातो.

गटात भांडणं होतील. भाड्याच्या पैशांवरून, नवराबायकोच्या काडीमोडावरून. तू निवाडा करू नकोस. माणूस गट बदलू शकतो, कार्डावरचं नाव हलवायला दोन मिनिटं लागतात. गटातलं कोणी गेलं तर मात्र जा. मातीला जा, आणि पुढच्या बैठकीलाही. पाचांत बसून राहा थोडा वेळ.

अजून एक. तिथला पाऊस नोव्हेंबरच्या सुमारास धरतो आणि मार्चपर्यंत राहतो. कोरडे ओढे रात्रीत भरतात, नंबरवाला अलीकडे आणि गोळ्या पलीकडे. तू सप्टेंबरात पोचतेस, म्हणजे हाताशी जेमतेम दीड-दोन महिने आहेत. पोचल्या पोचल्या फार्मसीवाल्यांशी बोलून ओढ्यापलीकडच्या गटांना एका वेळी जास्त महिन्यांच्या गोळ्या देता येतील का ते बघ, आणि कुठल्या गटाला कुठला ओढा ओलांडावा लागतो ते त्यांनाच विचारून वहीत लिहून घे.