सार्वजनिक शाळेत धर्मांविषयीचा घटक कसा शिकवावा

सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्म शिकवावा का, या वादात दोन वेगळ्या गोष्टींची नेहमी सरमिसळ होते. मुलांवर एखाद्या धर्माचे संस्कार करणे ही एक गोष्ट. माणसे काय मानतात, त्यावरून का भांडली, त्यातून कोणते कायदे आणि कोणती शिल्पे घडली हे समजावून देणे ही दुसरी. पहिले काम या शाळांचे नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. दुसरे टाळले तर मात्र युरोपातली धर्मसुधारणा किंवा बौद्ध विचारांचा आशियाभरचा प्रवास मुलांना कळणारच नाही.

कायद्याने अनेक ठिकाणी हीच रेघ ओढली आहे. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २८ नुसार पूर्णपणे राज्याच्या निधीतून चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. पण धर्मांचा अभ्यास त्यात मोडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये अरुणा रॉय प्रकरणात मान्य केले. अमेरिकेत १९६३ च्या ॲबिंग्टन विरुद्ध शेम्प निकालाने शाळेतले बायबलचे रोजचे वाचन घटनाबाह्य ठरवले आणि त्याच निकालात तटस्थ अभ्यासाला मोकळीकही दिली. उलट जर्मनीच्या मूलभूत कायद्याचे, म्हणजे तिथल्या संविधानाचे, कलम ७ धर्मशिक्षणाला सरकारी शाळांतला नियमित विषय मानते. म्हणून आधी आपल्याकडचा नियम मुळातून वाचावा आणि मगच पाठटाचणाला हात घालावा.

चाळीस मिनिटांच्या सहा तासिका धरल्या, तर दर तासिकेला एक धर्म अशी वाटणी करू नका. तशी केली की फळ्यावर हमखास तक्ता उमटतो: संस्थापक, ग्रंथ, प्रार्थनास्थळ, सण. हा साचा काही धर्मांना बरोबर बसतो आणि बाकीच्यांना काचतो. हिंदू परंपरेला एक संस्थापक नाही, बौद्ध विचारात सृष्टी घडवणारा ईश्वर केंद्रस्थानी नाही, यहुदी परंपरेत काय मानता यापेक्षा काय पाळता याला अनेकदा जास्त वजन असते. मग रिकामा राहिलेला रकाना मुलांना त्या धर्मातली उणीव वाटू लागते. त्यापेक्षा तासिका प्रश्नांवर बांधा. पहिली अभ्यासाच्या पद्धतीसाठी आणि वर्गाच्या नियमांसाठी ठेवा. पुढे जन्म-मृत्यूचे विधी, ग्रंथ आणि त्यांचे अर्थ लावण्याच्या रीती, एकाच धर्मातले पंथभेद, धर्म आणि राज्यसत्ता. शेवटची तासिका धर्म न मानणाऱ्यांच्या विचारांना द्या. ती बहुधा राहूनच जाते.

टाचण झाले की कोणत्या परंपरेला किती मिनिटे आणि किती पाने मिळाली ते मोजा. नॉर्वेने १९९७ मध्ये धर्म आणि नीतीचा एक सामाईक विषय सुरू केला होता. त्यात ख्रिस्ती धर्माला केवळ जास्त जागा नव्हती, त्याची मांडणीही वेगळ्या दर्जाची होती. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००७ मध्ये, ९ विरुद्ध ८ मतांनी, त्यात पालकांच्या हक्कांचा भंग झाल्याचे ठरवले. स्थानिक इतिहासामुळे एखाद्या धर्माला जास्त वेळ देणे समर्थनीय असू शकते. एकाला आदराने आणि दुसऱ्याला कुतूहलाची वस्तू म्हणून मांडणे कधीच समर्थनीय नाही.

खरी परीक्षा वाक्यांची असते. ‘येशू तिसऱ्या दिवशी पुन्हा जिवंत झाला’ असे न लिहिता ‘ख्रिस्ती श्रद्धेनुसार’ हे शब्द जोडा. मुहंमद पैगंबर इ.स. ६२२ मध्ये मक्केहून मदिनेला गेले, ही इतिहासातली नोंद आहे. ती सरळ सांगा. त्यांना जिब्रील या देवदूतामार्फत संदेश मिळाला, हे मात्र ‘मुस्लीम मानतात’ असे लिहा. एकाच्या बाबतीत ‘श्रद्धा’ आणि दुसऱ्याच्या बाबतीत ‘दंतकथा’ असे दुटप्पी शब्द सहज निसटतात. तपासणीची साधी युक्ती म्हणजे परिच्छेदातली धर्मांची नावे अदलाबदल करून तो मोठ्याने वाचायचा. खटकले, तर वाक्य बदला. आदिवासी परंपरांविषयी लिहिताना क्रियापदेही पाहा. आज जिवंत असलेल्या प्रथा ‘होत्या’ करून टाकलेल्या सापडतील.

स्वाध्यायांत सर्वाधिक घोळ होतो. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातील ऑगस्टा काउंटीत डिसेंबर २०१५ मध्ये अरबी सुलेखन किती अवघड असते हे दाखवण्यासाठी मुलांना एक नमुना गिरवायला दिला गेला. तो नेमका इस्लाममधला शहादा, म्हणजे श्रद्धेची कबुली होती. संतप्त फोन आणि ईमेल इतके आले की काउंटीतल्या शाळा एक दिवस बंद ठेवाव्या लागल्या. हेतू कलेचा असला तरी कृती कबुलीजबाब लिहिण्याची होती. सुलेखनासाठी एखादी म्हण चालली असती. म्हणून विधी पाहावा, त्याचे वर्णन करावे, त्यावर प्रश्न विचारावेत. वर्गात तो करून बघू नये, नाटुकल्यातही नाही.

‘तुमच्यात काय करतात, सांग बरं’ असे एखाद्या मुलाला उभे करून विचारू नका. त्याला कदाचित ठाऊक नसेल, घरी वेगळेच पाळत असतील, किंवा वर्गासमोर ते सांगायचे नसेल. ते आपणहून बोलले तर ऐका आणि ‘हा एका घरातला अनुभव’ एवढेच म्हणून पुढे जा. शिक्षकाला त्याचा स्वतःचा धर्म विचारला, तर ‘या तासिकेत मी ते सांगत नाही’ हे उत्तर पुरे. बाहेरचा वक्ता बोलावलाच, तर प्रश्न आधी लेखी ठरवा, शिक्षकाने वर्गातच थांबावे आणि पत्रके वाटू देऊ नयेत. वक्ते बोलावणार असाल, तर एकाच धर्माचा बोलावू नका.

परीक्षेत ‘तुला काय पटते’ हा प्रश्न नको. ‘या दोन पंथांत फूट कशावरून पडली’ हा चालेल, कारण त्याचे उत्तर श्रद्धेशिवाय तपासता येते.

पालकांना दोन आठवडे आधी तासिकानिहाय विषय आणि स्वाध्याय कळवा. नियमानुसार एखाद्या मुलाला या तासिकांतून सूट द्यायची असेल, तर कारण विचारू नका. नॉर्वेत नेमके हेच अडले होते: सवलत कागदावर होती, पण कोणता भाग खटकेल ते पालकांनी आधीच हुडकायचे आणि ते सांगता सांगता स्वतःची श्रद्धा उघड करायची, अशी तिची रचना होती. सूट घेतलेल्या मुलाला व्हरांड्यात बसवू नका. ग्रंथालयात त्याच इयत्तेचे दुसरे काम द्या. एकाच वर्गातून बरेच अर्ज आले, तर पालकांना समजावायला निघण्याआधी टाचण पुन्हा वाचा. बहुधा एखादा स्वाध्यायच अडचणीचा निघतो आणि तो बदलला की अर्जही कमी होतात.