कोकणातून नागपुरात आलात? मग पूर्वेकडे बघायला शिका

बदली म्हणा, मिहानमधली म्हणजे विमानतळालगतच्या उद्योगनगरातली नोकरी म्हणा, कोकणातला माणूस नागपुरात आला की पहिल्या वर्षी एक चूक हमखास करतो. मीही केली. अरबी समुद्रात काही शिजतंय अशी बातमी आली की इथे छत्री शोधायची, आणि बंगालच्या उपसागराचं नाव निघालं की चॅनेल बदलायचा. आपल्याला लहानपणापासून समुद्र म्हणजे पश्चिम! पण नकाशावर पट्टी ठेवून बघा. सरळ रेषेत मुंबई इथून सातशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि विशाखापट्टणम सहाशेच्या आत. नागपूरला जवळचा समुद्र तो आहे, आणि जास्त वादळंही त्याच समुद्रात होतात.

मी श्रीवर्धनचा. वादळ म्हटलं की आमच्या घरात आधी 'फयान'चा विषय निघतो. ११ नोव्हेंबर २००९, पाऊस संपला म्हणून होड्या निर्धास्त बाहेर गेलेल्या. त्यातल्या काही परत आल्याच नाहीत. मग ३ जून २०२० चं 'निसर्ग'. ते आमच्याच किनाऱ्यावर चढलं, ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाच्या वाऱ्याने. मी इथे, आई-दादा तिथे. दुपारी दादाचा फोन आला, "वाडी झोपली रे," आणि लाइन गेली. नंतर तीन दिवस संपर्क नाही. पुढे गेलो तेव्हा बघितलं: सुपारीची झाडं एकाच दिशेला आडवी, विंचरून ठेवल्यासारखी. कौलं उडालेली, आणि देवघराच्या कोनाड्यातली समई मात्र जागच्या जागी. सुपारी नव्याने लावली तर फळ धरायला पाच-सात वर्षं जातात. पुढच्याच मे महिन्यात 'तौक्ते' किनाऱ्याला घासून गेलं आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गाचा हापूस झाडाखाली पडला.

हे सगळं इथे कशाला? कारण 'निसर्ग' श्रीवर्धनला संपलं नव्हतं. जमिनीवर समुद्राची वाफ मिळेना म्हणून त्याचा जोर उतरत गेला, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते कमी दाबाचं क्षेत्र होऊन पश्चिम विदर्भापर्यंत पोचलं होतं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "बरं झालं बाप्पा, गरमी गेली." मी काही बोललो नाही. त्यांचं काय चुकलं?

उलटी वाटही आहे. २६ सप्टेंबर २०२१ ला 'गुलाब' आंध्रात कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर आलं. विदर्भ-मराठवाड्यावर धो धो ओतून, गुजरातवरून अरबी समुद्रात उतरलं, तिथे पुन्हा बाळसं धरलं, नाव बदलून 'शाहीन' झालं आणि ओमानला जाऊन आदळलं. दोन्ही समुद्र बघितलेलं वादळ, आपल्या कोकण्यांसारखंच फिरस्तं.

तेव्हा सवय बदला. गावी बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की कळायचं. इथे बावटा नाही. इथे हवामान खात्याचं प्रादेशिक केंद्र आहे, त्याचा यलो-ऑरेंज अलर्ट बघायचा. जुलै ते सप्टेंबर ओडिशाच्या किनाऱ्यावर कमी दाब तयार झाला की छत्तीसगडमार्गे दोन-तीन दिवसांत इथे झड लागू शकते. झड म्हणजे आपली संततधार. इथले लोक पाऊस आला म्हणत नाहीत, "पाणी येऊन राहिलं" म्हणतात. पहिल्यांदा मी बादली घेऊन नळाकडे धावलो होतो.

ऑक्टोबर ते डिसेंबर मात्र जपून बोला. तेव्हा आंध्र-ओडिशाला वादळ आलं की तुमच्या ऑफिसातल्या भंडारा-गोंदियाच्या माणसांचे चेहरे उतरतात. आपण ज्याला भात म्हणतो ते धान, आणि कापून शेतात पसरलेल्या धानाच्या कडपा. त्या भिजल्या की दाण्याला कोंब फुटतात. इकडे वेचणीला आलेला कापूसही भिजतो. अशा वेळी "काय मस्त गारवा आहे" म्हणू नका. मी म्हणालो होतो. सुपारीची वाडी गेलेल्या माणसाने तरी म्हणायला नको होतं.

राहता राहिला घराचा प्रश्न. समुद्र नाही म्हणजे पुराची भीती नाही, असं समजून तळमजला घेऊ नका. २३ सप्टेंबर २०२३ ला मध्यरात्रीनंतर काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घराघरांत शिरली. तेव्हा वादळही नव्हतं. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी या बाजूला किंवा नाल्याकाठी खोली बघत असाल तर भाडं ठरवण्याआधी घरमालकाला विचारा, त्या रात्री पाणी कुठवर चढलं होतं? ते "काही नाही जी" म्हणाले, तरी एकदा कपाट पुढे ओढून मागची भिंत बघा. नवा रंग फक्त कमरेपर्यंतच असेल तर दुसरी खोली शोधा.