माहेरच्या गाडीत दुसरा बेस बसवताय? या चुका टाळा

पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे ठरलेलंच. त्यामुळे लेकरू सव्वा महिन्याचं होईपर्यंत त्याला दोन गाड्या लागलेल्या असतात. आमची एक छत्रपती संभाजीनगरला, माहेरची म्हणजे अण्णांची जालन्याला, मधे तासाभराचा रस्ता. बकेट सीट (तान्ह्या बाळाला गाडीत बसवायची, उचलून नेता येणारी सीट) एकच होती, पण दर खेपेला बेस, म्हणजे गाडीत पक्की बसवलेली तिची बैठक, उपसून दुसऱ्या गाडीत टाकायचा वैताग यायला लागला. म्हणून दुसरा बेस घेतला आणि अण्णांच्या जुन्या गाडीत बसवला. सीट वर ठेवली, खट् वाजलं, सगळे खूश.

पहिल्याच गतिरोधकाला सीट बेससकट डावीकडे कलली. लेकरू झोपेतच होतं. घाम मला फुटला.

चूक त्या खट् आवाजावर विसंबण्याची होती. सीट बेसला लागली, एवढंच तो सांगतो. बेस गाडीला लागलाय का, याचा त्याच्याशी काही संबंध नाही. आमच्या गाडीत आयसोफिक्स आहे. म्हणजे मागच्या सीटच्या खाचेत 28 सेंटीमीटर अंतरावर दोन लोखंडी कड्या असतात, बेसचे हात त्यांत अडकतात आणि खूण हिरवी होते. अण्णांच्या गाडीत कड्या नाहीत, तिथे सगळा भार सीट बेल्टवर. एका गाडीत सरावलेला हात दुसरीकडे फसतो तो इथेच.

झटका देऊन बेल्ट तपासू नका. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचा बेल्ट झटका बसला की अडकतो आणि हळू ओढला की सरसर बाहेर येतो. आम्ही बेल्ट बेसमधून ओवला, झटका दिला, अडकला, म्हटलं झालं घट्ट. पाच मिनिटांत तो पुन्हा सैल. यासाठीच बऱ्याच बेसना बेल्ट दाबून धरणारी एक क्लिप असते आणि ती लावायचीच राहून जाते. आधी बेसवर गुडघा टेकून पूर्ण वजन द्या, कमरेकडचा पट्टा ओढा, मग खांद्याकडचा, आणि गुडघा न उचलता क्लिप बंद करा. हे एकट्याने होतं, पण ओढायला दुसरा माणूस असला तर कंबर वाचते.

मग बेल्ट जिथून जातो तिथेच बेस धरून डावी-उजवीकडे आणि पुढे-मागे हलवा. एक इंचाहून जास्त हलला तर काढून पुन्हा बसवायचा. दुसऱ्या टोकाला धरून हलवलं तर थोडं हलणारच, त्याने घाबरू नका. तीन-तीनदा करूनही सैलच राहत असेल तर बकल बघा. काही गाड्यांत बकलची दांडी इतकी लांब असते की ते नेमकं बेसच्या कडेवर येऊन बसतं आणि पट्टा ताणलाच जात नाही. अशा वेळी जोर करू नका, मागचीच दुसरी जागा बघा. मात्र मधल्या सीटला फक्त कमरेचा पट्टा असेल, तर तो आपल्या बेसला चालतो का हे आधी माहितीपुस्तिकेत पाहा.

आणि सीट कव्हर! नवी गाडी घेतली की आठवड्यात रेक्झिनचं कव्हर चढतं, आयसोफिक्सच्या कड्या त्याखाली गाडल्या जातात. आमच्या एका नातेवाइकांनी 'आमच्या गाडीत ते नाहीच' म्हणून दोन महिने बेल्टवर काढले. कव्हर खाली ओढून खाचेत बोटं घातली, तर कड्या तिथेच. कव्हर घसरडं असेल तर बेसखालचं तेवढं काढून टाका. खाली चटई, गोधडी वगैरे घालू नका. दाबली गेली की तेवढाच बेल्ट सैल होतो.

कल किती, हा दुसरा घोटाळा. बेसवर एक रेघ किंवा बुडबुडा असतो. गाडी सपाट जागी असताना तो जुळला पाहिजे. जुन्या गाडीच्या सीटचा फोम मागे बसलेला असतो, त्यामुळे घरच्या गाडीत बरोबर आलेलं इथे चुकतं. आम्ही तर जालन्याला दारासमोर, पाणी गटाराकडे जावं म्हणून काढलेल्या उतारावरच गाडी लावून रेघ जुळवली होती. सीट फार उभी झाली की तान्ह्या लेकराची मान पुढे पडते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. मान धरलेली नसते तोवर याला हलक्यात घेऊ नका.

बेसला पाय असेल तर तो गाडीच्या तळावर घट्ट टेकला पाहिजे. खाली पोकळ कप्पा असेल तर तिथे टेकवू नका.

दुसरा बेस स्वस्तात, वापरलेला मिळतोय? तो आपल्याच सीटच्या मॉडेलचा आहे का, हे आधी बघा. त्याच कंपनीचा आहे म्हणून चालेलच असं नाही, वेगळ्या कंपनीचा तर नकोच. खालच्या बाजूला छापलेली तारीख वाचा. कधी अपघातात सापडला होता का, हे विकणारा सांगेलच असं नाही, म्हणून ओळखीतला नसेल तर मी तरी घेणार नाही. खरं तर महिन्यातून एकदाच जाणं असेल तर दुसऱ्या बेसची गरजच काय? पुष्कळ बकेट सीट बेसशिवाय, नुसत्या गाडीच्या बेल्टने बसतात. पट्टा कुठून न्यायचा त्याच्या निळ्या खुणा सीटवरच असतात. तशी मुभा पुस्तिकेत असेल तर ते पैसे वाचतात.

पुढच्या सीटवर, एअरबॅग चालू असताना, मागे तोंड केलेली सीट कधीही ठेवायची नाही. 'ड्रायव्हरला बाळ दिसतं' हे कारण चालणार नाही, उघडणारी एअरबॅग थेट सीटच्या पाठीवर आदळते.

आता आई. ती म्हणाली, "लेकरू काय पळून चाललंय का, एवढं बांधायला? दे माझ्या मांडीवर." तिच्याशी वाद घालून उपयोग नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात 14 वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा लहान मुलांच्या सीटशिवाय नेलं तर 1000 रुपये दंड आहे, हे सांगितलं, तरी ती हलली नाही. मग तिलाच बेस हलवून बघायचं काम दिलं. आता निघायच्या आधी तीच दोन्ही हातांनी हलवते आणि "हलला नाही बाई" म्हणते. गोधडीत गुंडाळून पट्टे लावायचा तिचा हट्ट मात्र अजून आहे. पट्टे आधी अंगाला, गोधडी वरून, एवढं पाठ करून घेतलंय.

एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या गाडीतल्या पट्ट्याचं धातूचं बकल हाताला चटका देतं. बेसवर पांढरं धोतर टाकून ठेवा आणि सीट घरात आणा.

एवढं सगळं बरोबर बसवलं, आणि जूनमध्ये पेरणी आली. अण्णांनी बियाण्याच्या बॅगा टाकायला बेस काढला, नंतर आपल्या मनाने परत बसवला. आम्ही गेलो, सीट ठेवली, खट् वाजलं. बेल्टची क्लिप उघडीच. तेव्हापासून बेस काढला की अण्णा गाडीच्या किल्लीला लाल दोरा बांधतात. तो दिसला की आधी गुडघा, मग सीट.